शमीच्या मुळाशी

विजयादशमीच्या सायंकाळी महाराष्ट्रात आपट्याची पाने सोने म्हणून वाटली जातात. त्याच वेळी कर्नाटकात लोक एकमेकांच्या हाती शमीची पाने ठेवतात. कानडीत शमीला बन्नी म्हणतात. अज्ञातवासात जाण्यापूर्वी पांडवांनी आपली शस्त्रे शमीवर लपवून ठेवली, ही कथा दोन्ही प्रांतांत घरोघर ठाऊक आहे. बंगळुरूपासून सुमारे दीड हजार किलोमीटर उत्तरेला, थरच्या वाळवंटात, हीच शमी खेजडी या नावाने ओळखली जाते. आणि तेथे तिचे महत्त्व केवळ पूजेपुरते राहत नाही. तिचा पाला जनावरांचा चारा होतो, तिच्या शेंगांची भाजी माणसे खातात. १७३० साली जोधपूरजवळच्या खेजडली गावी राजाची माणसे ही झाडे तोडावयास आली, तेव्हा अमृतादेवी आणि तिच्यामागोमाग बिश्नोई समाजातील स्त्रीपुरुष झाडांना मिठी मारून उभे राहिले. ३६३ माणसांनी त्या दिवशी प्राण दिले, असे परंपरा सांगते.

एका झाडासाठी माणसांनी इतके मोल का द्यावे, याचे उत्तर श्रद्धेत आहे, तसेच ते शेतीतही आहे. सर्वसाधारण अनुभव असा की, शेतातले मोठे झाड पिकाचे पाणी पळविते आणि त्याच्या सावलीखाली पीक खुरटते. म्हणूनच पुष्कळ ठिकाणी शेतकरी बांधावरच्या झाडावरही कुऱ्हाड चालवितो. राजस्थानातला शेतकरी मात्र बाजरीच्या ऐन शेतात खेजडी राखतो. कारण तिच्याखालची बाजरी उघड्या रानातल्या बाजरीपेक्षा वाईट तर येत नाहीच, पुष्कळदा ती अधिक चांगली येते. १९५९ साली जोधपूर येथे स्थापन झालेल्या केंद्रीय शुष्क प्रदेश संशोधन संस्थेने या अनुभवाची मातीच्या पृथक्करणाने तपासणी केली. खेजडीखालच्या मातीत सेंद्रिय द्रव्य आणि नत्र ही दोन्ही भोवतालच्या मातीपेक्षा अधिक असतात, असे दिसून आले.

याची काही कारणे सहज ध्यानात येतात. खेजडीचे सोटमूळ वीस मीटरहूनही खोल जाते, त्यामुळे वरच्या थरातील ओलीसाठी तिची पिकाशी फारशी स्पर्धा होत नाही. पाने बारीक असल्याने तिची सावली विरळ पडते. गळलेला पाला मातीत मिसळून खत होतो. परंतु पाल्याचे खत आपोआप होत नाही आणि हवेतला नत्र झाडाला स्वतःच्या बळावर घेता येत नाही. ही दोन्ही कामे करणारे कामकरी डोळ्यांना दिसत नाहीत. ते मातीतले जीवाणू होत. झाड त्यांना कसे जमविते, कसे पोसते आणि त्यांच्यातून आपल्या सोयीचे कसे निवडून घेते, हा गेल्या शतकातील कृषिविज्ञानाचा एक मोठा शोधविषय आहे.

या शोधाचा आरंभ १९०४ साली जर्मनीत झाला. लॉरेन्झ हिल्टनर या शास्त्रज्ञाच्या असे ध्यानात आले की, मुळाला लागून असलेल्या मातीच्या पातळ थरात जीवाणूंची जितकी गर्दी असते, तितकी थोड्याच अंतरावरच्या मातीत नसते. या थराला त्याने दिलेल्या नावाचा मराठीत 'मूलपरिसर' असा अनुवाद करता येईल. हा थर काही मिलिमीटरांचाच. पण झाडाच्या दृष्टीने ती त्याची बाजारपेठ होय. पाने सूर्यप्रकाशात जी साखर तयार करतात, तिचा काही भाग मुळांतून बाहेर पाझरतो. हा भाग झाडाच्या एकूण कमाईच्या दहावीस टक्क्यांपर्यंत जातो, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. या पाझरात साखरेबरोबर सेंद्रिय आम्ले असतात, प्रथिनांचे घटक असतात आणि काही विशिष्ट रसायनेही असतात. प्रत्येक जातीच्या झाडाचा पाझर वेगळा. आणि ज्याला जो पाझर मानवतो, तो जीवाणू तेथे वस्तीला येतो. म्हणून एकाच शेतात शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन झाडांच्या मुळांशी दोन निरनिराळ्या वसाहती आढळतात.

या वसाहतींची मोजदाद करणे फार काळ दुर्घट होते. चिमूटभर, म्हणजे एक ग्रॅम, सुपीक मातीत कोट्यवधी जीवाणू असतात. परंतु प्रयोगशाळेतील काचेच्या थाळीत पोषक द्रव्यावर वाढविण्याचा प्रयत्न केला, तर त्यांपैकी शंभरात एखादाच तेथे वाढतो. बाकीचे असूनही नसल्यासारखे होत. १९७७ साली अमेरिकेतील कार्ल वूझ यांनी पेशीतील रायबोसोम या प्रथिने बनविणाऱ्या यंत्रणेच्या एका घटकाची तुलना करून जीवसृष्टीची नवी वंशावळ मांडली. हा घटक प्रत्येक जीवात असतो आणि जातीगणिक त्यात थोडाथोडा फरक असतो. त्याचे जनुक वाचता आले की, जीवाणू थाळीत वाढो वा न वाढो, त्याची ओळख पटते. पुढे या वाचनाची यंत्रे वेगवान आणि स्वस्त झाली, आणि गेल्या दोन-तीन दशकांत मूठभर मातीची संपूर्ण शिरगणती करणे शक्य झाले. मरुभूमीतील मातीची खरी ओळख त्यानंतरच होऊ लागली.

मरुभूमीत झाड आणि जीवाणू यांचे हे नाते अधिक ठळकपणे नजरेस येते. जेथे पाऊस पुष्कळ, तेथे सर्वत्र गवत, पालापाचोळा आणि ओल असते, आणि जीवाणूंना कोठेही राहता येते. वाळवंटात तसे नाही. तेथे एक झुडूप, मग काही पावले उघडी जमीन, मग दुसरे झुडूप, अशी रचना असते. उघड्या जमिनीत अन्नही नाही आणि सावलीही नाही. झुडपाखाली मात्र पाला पडतो, वाऱ्याने उडालेली माती अडते, पक्षी आणि प्राणी विसाव्याला येऊन आपली विष्ठा सोडून जातात. अशा रीतीने प्रत्येक झुडूप हे सुपीकतेचे एक बेट बनते. अमेरिकेतील न्यू मेक्सिकोच्या कोरड्या गवताळ रानांचा अभ्यास करून विल्यम श्लेसिंजर आणि त्यांचे सहकारी यांनी १९९० साली हा विचार स्पष्टपणे मांडला. त्याची दुसरी बाजूही त्यांनी दाखविली: गवताचे सलग आवरण मोडून त्या जागी तुरळक झुडपे आली की, मातीची संपत्ती झुडपांच्या बुडाशी गोळा होते आणि मधली जमीन निःसत्त्व होत जाते. मरुभूमी पसरण्याचा हा एक मार्ग होय.

मुळाच्या अगदी जवळ गेले म्हणजे याहून नवलाचा प्रकार दिसतो. वाळवंटातले गवत उपटून पाहिले, तर कित्येकदा त्याच्या मुळांवर वाळूचा पायमोजा चढविल्यासारखा दिसतो. मूळ झटकले तरी ती वाळू सुटत नाही. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ गेओर्ग फोल्केन्स याने इजिप्तच्या वाळवंटातील वनस्पतींवरील आपल्या १८८७ सालच्या ग्रंथात या आवरणाचे वर्णन केले आहे. मुळावरचे बारीक मूलरोम, मुळाचा चिकट स्राव आणि जीवाणूंनी बाहेर टाकलेला बुळबुळीत डिंक यांनी वाळूचे कण एकमेकांना जखडले जातात. हा डिंक पाणी धरून ठेवतो. भोवतालची वाळू भट्टीसारखी तापलेली असतानाही त्या आवरणाच्या आत थोडीशी ओल टिकते, आणि त्या ओलीवर मूळ व जीवाणू दोघेही दिवस काढतात. झाडाने साखर दिली, जीवाणूंनी ओल राखली, असा हा देवघेवीचा व्यवहार आहे.

काही जीवाणूंची मदत याहून सूक्ष्म असते. पाणी कमी पडले की झाडाच्या अंगात इथिलीन नावाचा वायू वाढतो. फळे पिकविणारा तो हाच. तो फार वाढला की मुळांची वाढ थांबते आणि पाने गळू लागतात. मुळाशी राहणाऱ्या काही जीवाणूंजवळ असे एक विकर असते की, ते या वायूच्या पूर्वद्रव्याचाच फडशा पाडते. झाडाची घबराट त्यामुळे कमी होते आणि मूळ खाली जात राहते.

ज्वारी हे सोलापूर, विजापूर आणि मराठवाडा येथील कोरडवाहू शेतकऱ्याचे अन्न. तिच्याही मुळाशी अवर्षणात काय घडते, हे आता पाहिले गेले आहे. कॅलिफोर्नियातील शेतांत ज्वारीचे पाणी मुद्दाम तोडून केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. पाणी तुटताच मुळाशी असलेली जीवाणूंची वसाहत बदलू लागली. जाड भिंतीच्या पेशी असलेले जीवाणू वाढले आणि नाजूक भिंतीचे मागे हटले. पहिल्या वळवाच्या पावसानंतर मातीला जो सुगंध सुटतो, तो निर्माण करणारे स्ट्रेप्टोमायसिस जीवाणू याच जाड भिंतीच्या गोत्रातले. पुन्हा पाणी दिल्यावर थोड्याच दिवसांत वसाहत पूर्ववत झाली. हा पालट केवळ माती सुकल्यामुळे झाला असता, तर तो मुळापासून दूरच्या मातीतही तितकाच दिसला असता. तो मुळाच्या आत आणि मुळालगत अधिक तीव्र होता. तेव्हा मूळच तहानेच्या काळात आपला पाझर बदलते आणि त्याबरोबर आपले सोबतीही बदलते, असे मानावयास आधार मिळतो.

हे सोबती झाडाला दर पिढीत नव्याने शोधावे लागतात काय? मेक्सिकोच्या बाजा कॅलिफोर्निया या रुक्ष द्वीपकल्पात कार्दोन नावाचा प्रचंड निवडुंग उघड्या खडकावरही वाढतो. त्या खडकावर माती जवळजवळ नसतेच. तेथील संशोधक योआव बाशान आणि त्यांचे सहकारी यांना आढळले की, या निवडुंगाच्या बियांच्या आतच काही जीवाणू असतात आणि ते खडक विरघळवून त्यातील खनिजे मोकळी करतात. औषधांच्या साहाय्याने बियांतील जीवाणू नाहीसे केले, तेव्हा रोपांची वाढ खुंटली. जीवाणू परत दिले, तेव्हा ती पुन्हा सुरू झाली. म्हणजे कार्दोन आपल्या संततीला बीजाबरोबर शिदोरीही बांधून देतो.

या साऱ्या परदेशी प्रयोगांचा बंगळुरूशी काय संबंध, असा प्रश्न श्रोत्यांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. बंगळुरू हे उद्यानांचे आणि थंड हवेचे शहर. तेथे वर्षाकाठी नऊशे ते हजार मिलिमीटर पाऊस पडतो. परंतु शहराबाहेर पडून उत्तरेला पावगड, अनंतपूर यांच्या रोखाने गेले की, काही तासांतच तांबड्या मातीचा, तुरळक पावसाचा, दगडधोंड्यांचा प्रदेश लागतो. अवर्षणप्रवण क्षेत्राच्या बाबतीत कर्नाटकाचा क्रम राजस्थानच्या खालोखाल लावला जातो. सह्याद्रीच्या पर्जन्यच्छायेतील हा पट्टा माणदेशापासून सोलापूर, विजापूर, रायचूर, बळ्ळारी असा सलग खाली उतरतो. राज्यांच्या सीमा तो जाणत नाही.

या पट्ट्याच्या शास्त्रीय अभ्यासाचा पाया मराठी माणसांनी घातला, ही गोष्ट आज फारशी स्मरणात राहिलेली नाही. १९२३ साली पुण्याजवळच्या मांजरी येथे वि. आ. ताम्हणे यांनी कोरडवाहू शेतीच्या प्रयोगांना आरंभ केला. ते काम पुढे ना. वि. कानिटकर यांनी चालविले आणि भारतातील कोरडवाहू शेतीवर १९४४ साली ग्रंथ लिहिला. दरम्यान १९३३ पासून सोलापूर, विजापूर, हगरी, रायचूर आणि रोहतक येथे संशोधन केंद्रे उघडली गेली. त्या पिढीचे लक्ष पावसाचे पाणी जमिनीत कसे मुरवावे, बांध कसे घालावेत, कोळपण्या किती द्याव्यात यांवर होते. मातीतील जीवाणूंची शिरगणती करण्याचे साधन त्यांच्यापाशी नव्हते. १९७० साली देशव्यापी समन्वित कोरडवाहू संशोधन सुरू झाले, तेव्हा सोलापूरबरोबरच बंगळुरूही त्याचे केंद्र झाले. आणि १९६४ साली स्थापन झालेल्या बंगळुरूच्या कृषी विद्यापीठात पाण्याच्या प्रश्नाला मातीतल्या सूक्ष्मजीवांच्या अभ्यासाची जोड मिळाली. डी. जे. बाग्यराज यांनी तेथे मुळांशी सहजीवन करणाऱ्या बुरशींवर अनेक वर्षे काम केले.

बंगळुरूच्या परिसराचे मुख्य अन्न नाचणी. तेथला शेतकरी पूर्वापार नाचणीच्या ओळींमध्ये तूर, वाल अशी कडधान्ये पेरीत आला आहे. या मिश्रपिकाला कानडीत अक्कडी साल म्हणतात. नाचणीची मुळे वरच्या थरात पसरतात, तुरीची खोल जातात. खोल मुळे रात्री खालचे पाणी वर ओढून कोरड्या थरात सोडतात, हे अमेरिकेतील युटा राज्यात एका रानझुडपावर १९८७ साली सिद्ध झाले होते. तूर नाचणीसाठी हेच काम करील काय, या प्रश्नावर बंगळुरूचे कृषी विद्यापीठ आणि स्वित्झर्लंडमधील बाझल विद्यापीठ यांच्या संशोधकांनी मिळून प्रयोग केले. कुंड्यांतील प्रयोगात असे दिसले की, दोन्ही पिकांच्या मुळांना जोडणारे बुरशीच्या तंतूंचे जाळे मातीत असेल, तर तुरीने वर आणलेले पाणी अवर्षणात नाचणीपर्यंत पोहोचू शकते. शेतातील प्रयोगांत उपकारक बुरशी आणि सूडोमोनास जातीचे जीवाणू यांचे खत दिल्यावर मिश्रपिकाच्या उत्पन्नात वाढ झाली. मात्र ती सर्व ठिकाणी सारखी नव्हती. ओळींची मांडणी चुकली तर तूर ही नाचणीची सोबतीण न होता पाण्यासाठी प्रतिस्पर्धी होते, असाही इशारा या कामातून मिळाला. शेतकऱ्याने पिढ्यान् पिढ्या ओळींचे जे प्रमाण ठरविले होते, त्यामागे अनुभवाची केवढी शिदोरी होती, हे यावरून कळते.

नाचणीच्या मुळाशी आणखी एक रहस्य दडले होते. नाचणीला बुरशीजन्य रोगांचा उपद्रव तुलनेने कमी होतो, हे शेतकऱ्यांना ठाऊक होते. कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठात वला मूसा आणि मनीष रायजादा यांनी याचे एक कारण २०१६ साली दाखविले. फ्युजेरियम ही घातक बुरशी मुळाकडे सरकू लागली की, मुळात राहणारे विशिष्ट जीवाणू तिच्या दिशेने धाव घेतात. त्यांच्या चिथावणीने मुळावर मूलरोमांचे दाट रान माजते, त्यात जीवाणूंचे थरावर थर रचले जातात आणि वाट अडलेली बुरशी तेथेच मारली जाते. हा जीवाणू नाचणीच्या मुळातच मिळाला. सहस्रावधी वर्षे निकस जमिनीत वाढताना या धान्याने आपले रखवालदार आपणच जमविले होते.

पिकाकडून रानाकडे वळले म्हणजे बंगळुरूतील दुसऱ्या एका संस्थेचे काम समोर येते. १९०९ साली स्थापन झालेल्या भारतीय विज्ञान संस्थेत पुण्याचे माधव गाडगीळ यांनी १९८३ साली परिसरविज्ञानाचे केंद्र उभे केले. या केंद्रातील सुमंत बागची आणि त्यांचे विद्यार्थी हिमालयापलीकडील स्पिती खोऱ्यात संशोधन करतात. स्पिती ही थंड मरुभूमी आहे. तेथे पाऊस नाममात्र, झाडे जवळजवळ नाहीत. समुद्रसपाटीपासून चार हजार मीटरांहून उंचावर विरळ गवत आणि खुरटी झुडपे एवढीच वनस्पती. तिच्यावर रानबकरे, भरल आणि माणसाळलेली गुरे चरतात. २००५ च्या सुमारास तेथे काही तुकड्यांना कुंपणे घालून चराई बंद करण्यात आली आणि कुंपणाच्या आतली व बाहेरची माती वर्षानुवर्षे तपासण्यात आली. सोळा वर्षांच्या नोंदींवरून निघालेला निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाला. चराई थांबविल्यावर मातीतील कर्बाचे प्रमाण स्थिर राहण्याऐवजी वर्षागणिक अधिक हेलकावे खाऊ लागले. हे हेलकावे चरलेल्या जमिनीपेक्षा तीस ते चाळीस टक्क्यांनी मोठे होते. जनावर, गवत, जीवाणू आणि कर्ब यांची साखळी कोठेही तोडली की तिचा तोल जातो, असा याचा अर्थ.

त्याच चमूने २०२३ साली याहून चिंतनीय गोष्ट पुढे आणली. रानजनावरे चरतात ती जमीन आणि पाळीव जनावरे चरतात ती जमीन यांची त्यांनी तुलना केली. बाह्यतः दोन्ही सारख्या. परंतु जीवाणूंनी खाल्लेल्या कर्बापैकी किती त्यांच्या अंगी लागतो आणि किती श्वासावाटे हवेत जातो हे मोजले, तेव्हा पाळीव जनावरांच्या जमिनीतील जीवाणू १९ टक्क्यांनी कमी पडले. दोन्हीकडच्या जीवाणूंच्या वसाहतीही वेगळ्या होत्या. जनावरांच्या उपचारात वापरलेली टेट्रासायक्लिनसारखी प्रतिजैविके मलमूत्रावाटे मातीत उतरत असावीत आणि तेथील जीवाणूंचा समतोल बिघडवीत असावीत, असे या संशोधकांचे म्हणणे आहे. दवाखान्यातले औषध हिमालयातल्या गवताच्या मुळाशी जाऊन पोहोचते, हे ऐकून कोणीही अंतर्मुख व्हावे.

या साऱ्यातून निघणारा धडा महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्या कोरड्या तालुक्यांना लागू पडतो. आणि तो समजून न घेतल्याने काय होते, याचे उदाहरणही तेथेच उभे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सरपणासाठी आणि उजाड रानाला हिरवे करण्यासाठी अमेरिका खंडातून एक काटेरी झाड भारतात आणले गेले. मराठीत त्याला वेडी बाभूळ म्हणतात, कानडीत बळ्ळारी जाली. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ते शमीचेच जवळचे आप्त. तेही शेंगावर्गातले, तेही नत्र बांधणारे, तेही खोल मुळाचे. कागदावर पाहिले तर दोघांत निवड करण्याजोगे काही नव्हते. उलट वेडी बाभूळ शमीपेक्षा किती तरी वेगाने वाढते. परंतु भारतीय संशोधकांनी दोहोंखालच्या जमिनीची तुलना करून २०१२ साली दाखविले की, वेडी बाभूळ भारतात आपल्याखाली इतर वनस्पतींना फारसे टिकू देत नाही. शमीखाली मात्र तसे होत नाही. नवल असे की, व्हेनेझुएलात, स्वतःच्या मूळ देशी, हीच वेडी बाभूळ आपल्याखाली इतर वनस्पतींना आसरा देते. झाडाचा पाझर आणि पाला तेच. परंतु ते सोसणारे, पचविणारे शेजारी तेथे युगानुयुगे तयार झाले होते, येथे ते नव्हते. हिरवेपणा वाढला म्हणजे जमीन सुधारली, हे समीकरण म्हणूनच फसवे ठरते. कोणते झाड लावले, यावर पुढे कोणती माती हाती येणार हे ठरते.

दुसरा सावधगिरीचा मुद्दा जीवाणुखतांचा. ही खते निरुपयोगी नाहीत. कडधान्याच्या बियाण्यास रायझोबियम चोळण्याची पद्धत दीर्घकाळ उपयुक्त ठरली आहे. परंतु बाहेरून आणलेल्या मूठभर जीवाणूंना मातीतील कोट्यवधी स्थानिकांशी झगडावे लागते; त्यांना पोसणारे मूळ तेथे नसेल, जमीन उन्हात उघडी पडली असेल, तर ते फार काळ टिकत नाहीत. थरच्या अल्कधर्मी मातीतील शेंगावर्गीय झाडांच्या गाठींत मुख्यतः एन्सिफर जातीचे जीवाणू सापडतात. दमट प्रदेशातल्या आम्ल मातीत दुसऱ्या जातींचे प्राबल्य असते. एका ठिकाणचा रामबाण उपाय दुसऱ्या ठिकाणी निष्फळ ठरतो, तो यामुळेच.

तेव्हा कोरडवाहू शेतकऱ्याच्या हाती काय उरते? ज्या गोष्टी उरतात, त्या खर्चाच्या नाहीत. पीक काढल्यावर धसकटे पेटवून न देता जमिनीत राहू द्यावीत. नाचणी, बाजरी, ज्वारी यांच्या ओळींत तूर, मटकी, हुलगा यांपैकी जे त्या भागात रुळलेले असेल, ते पेरावे. चराऊ रान पुरते बंदही करू नये आणि ओरबाडूनही घेऊ नये. बांधावर शमी, बाभूळ, बोर यांसारखे त्या मातीतले झाड उभे असेल, तर चार काकऱ्यांच्या लोभाने ते तोडू नये. असे एक झाड तुटते, तेव्हा सावली आणि सरपण यांचा हिशेब लगेच होतो. परंतु त्याच्या मुळांनी तीसचाळीस वर्षे साखर खर्चून जी वसाहत वसविली, ती कोणत्याच हिशेबात धरली जात नाही. उघड्या पडलेल्या मातीत ती वसाहत विरत जाते, आणि पुढल्या अवर्षणात तिची उणीव पिकाला भासते. नवे झाड लावता येते; पण ती माती पुन्हा मिळावयास त्या झाडाचे अर्धे आयुष्य जावे लागते.